शोफर म्हणजे आगवाला

प्रश्न असा आहे: ‘आम्ही पॅरिसला जाणार आहोत. तिथल्या टॅक्सीवाल्याला शोफर म्हणावं का, की शोफर म्हणजे फक्त बड्या लोकांचा पगारी ड्रायव्हर? टॅक्सीत लागणारी दोन-चार वाक्यंही सांगा.’

‘शोफर म्हणजे वर्दीतला, साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हर’ हे ऐकून कान किटले आहेत. हा अर्थ आपण इंग्रजीकडून घेतला आणि तोच खरा समजून बसलो. फ्रेंचमध्ये टॅक्सीचा, बसचा, ट्रकचा, कुठल्याही गाडीचा चालक शोफरच. त्यात ना टोपी आहे ना मालक. टॅक्सीवाला ‘शोफर द ताक्सी’, बसवाला ‘शोफर द ब्यूस’.

मूळ क्रियापद ‘शोफे’, म्हणजे तापवणं. त्यावरून शोफर म्हणजे आग पेटती ठेवणारा. आधी तो लोहाराच्या भट्टीपाशी होता, मग वाफेच्या इंजिनावर आला. फ्रेंच रेल्वेत इंजिन चालवणारा तो ‘मेकानिसियँ’ आणि शेजारी उभा राहून कोळसा लोटणारा तो ‘शोफर’. आपल्याकडे वाफेच्या इंजिनावर आगवाला असे, तोच हा माणूस. पुढे रस्त्यावरही वाफेच्या गाड्या आल्या. आमेदे बोले या फ्रेंच संशोधकाने १८७३ साली बांधलेल्या वाफेच्या गाडीत सुकाणू धरणारा पुढे बसे आणि बॉयलर सांभाळणारा मागे. चालवणं आणि तापवणं ही दोन माणसांची कामं होती. गाड्या लहान झाल्या तशी ती एकाच माणसाकडे आली आणि नाव उरलं तापवणाऱ्याचं.

याच घराण्यातला दुसरा शब्द तुम्ही प्रत्येक लग्नाच्या बुफेत पाहता. खाली बर्नर, वर पाणी, त्यावर पनीरची भाजी: चेफिंग डिश. काही केटरर त्याला ‘शेफिंग डिश’ म्हणतात आणि तो शब्द शेफवरून आला असं ठणकावून सांगतात. शेफचा इथे काडीचा संबंध नाही. लॅटिनमधलं ‘कालेफाकेरे’ म्हणजे गरम करणं. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘शोफेर’च्या वळणाचं रूप झालं आणि ते इंग्रजीत जाऊन ‘चेफ’ झालं. त्याचा पहिला अर्थ ऊब देणं. थंडीत हातपाय चोळून ऊब आणतात, म्हणून पुढे अर्थ झाला चोळणं, घासणं. बुफेतल्या भांड्याने मात्र पहिला अर्थ सोडलेला नाही. कॅलरीसुद्धा याच लॅटिन कुळातली.

आता मतभेदाचा मुद्दा. काही हौशी व्युत्पत्तिकार शोफरचं नातं दरोडेखोरांशी जोडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या बोस भागात दरोडेखोर घरात शिरून, पैसा कुठे पुरलाय ते कबूल करेपर्यंत लोकांचे पाय आगीवर धरत. त्यांना शोफर म्हणत, हे खरं. पण मोटारवाल्याला ते नाव त्यांच्यावरून पडलं हे म्हणणं उफराटं आहे. शब्द एकच, तापवणारे दोन. रेल्वेतला रोजचा शोफर डोळ्यांसमोर असताना शंभर वर्षांपूर्वीच्या दरोडेखोरापर्यंत जायचं कशाला?

दुसरा पक्ष म्हणतो, पेट्रोलच्या गाडीत बॉयलरच नाही, तेव्हा शोफर हे नाव निव्वळ सवयीने चिकटलं. मला हेही पटत नाही. १८९०च्या दशकात पानार-लव्हासोर या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांत डाइमलर पद्धतीचं इंजिन असे. त्याला ठिणगीचा प्लग नव्हता. प्लॅटिनमची नळी बर्नरवर लाल होईपर्यंत तापवावी लागे, तेव्हा कुठे इंजिन सुरू होई. म्हणजे पेट्रोलच्या गाडीतही आधी आग पेटवणं आलंच! माझ्या मते हा शब्द तगला तो या बर्नरमुळे. आणि त्या काळी स्वतःची गाडी स्वतः हाकणाऱ्या धनिकालाही शोफरच म्हणत. पगारी नोकराचा अर्थ नंतरचा आहे.

राहिला तुमचा प्रवास. टॅक्सीवाल्याविषयी बोलताना शोफर म्हणा, त्याला हाक मारताना नको. गाडीत बसताना आधी ‘बाँझूर, मस्य’, बाई असतील तर ‘बाँझूर, मादाम’. हे न म्हणता पत्ता सांगणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. मग ठिकाण आणि पुढे ‘सिल वू प्ले’: ‘गार द्यू नॉर (पॅरिसचं एक रेल्वे स्टेशन), सिल वू प्ले’. उतरायचं असेल तर ‘इसी, सिल वू प्ले’. कार्ड चालेल का, हे विचारायला ‘व्हू प्रने ला कार्त?’ पावतीला ‘रस्यू’, मीटरला ‘कोंतर’. टपावरचा दिवा हिरवा असेल तर गाडी मोकळी, लाल असेल तर भरलेली.

विमानतळावरून पॅरिस शहरात जाताना मीटरच्या आकड्याकडे बघत बसू नका. २०१६ पासून तिथे ठरलेलं भाडं आहे, त्याला ‘फोर्फे’ म्हणतात, आणि ते माणशी नसून गाडीचं असतं. रक्कम ठरते हॉटेल सेन नदीच्या कुठल्या काठाला आहे त्यावर: ‘रीव्ह द्रवात’ म्हणजे उजवा काठ, ‘रीव्ह गोश’ म्हणजे डावा. उजवं-डावं धरायचं ते प्रवाहाच्या दिशेने तोंड करून. शार्ल द गोल विमानतळ उत्तरेला, म्हणून तिथून उजवा काठ स्वस्त. ऑर्ली दक्षिणेला, तिथून डावा. हॉटेलचा काठ निघण्याआधीच नकाशात पाहून ठेवा.