कामाचं वाचन : तुमचे सवाल, ताईचे जवाब

सवाल : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यात एका कृषी केंद्रात काउंटरवर बसतो. बारावी सायन्स झाली, पुढं काही जमलं नाही. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं का नुसत्या कादंबऱ्या नका वाचू, माहितीचीबी पुस्तकं वाचा, नोकरीत कामी येतात. म्हणून वाचनालयातून दोन आणली, एक कोण्यातरी उद्योगपतीचं चरित्र आन एक यशस्वी कसं व्हावं टाइपचं. पयल्याचे दहाक पानं झाले, दुसऱ्यात तं झोपच लागली. मालक म्हणते, पुस्तक वाचून माल खपते का बे? खरं सांगा ताई, फायदा होते का नाई?

जवाब : भाऊ, मालकाचा प्रश्न बरोबर आहे, त्यावर रागावू नका. माल किती खपेल ते मी नाही सांगू शकत, पण गिऱ्हाईक परत तुमच्याचकडं येईल एवढं नक्की. आणि झोप लागली त्यात तुमचा काही दोष नाही, ती यशाची पुस्तकं मलाही झोपवतात. सकाळी पाचला उठा म्हणे! पेरणीच्या दिवसात दुकान उघडायच्या आधीच बियाण्याला माणसं येऊन बसलेली असतात, तुम्हाला काय कोणी पुस्तकातून उठवायचंय का. असली पुस्तकं मी माहितीच्या पुस्तकात धरतच नाही, वाचा हौस असेल तर, पण हाताला काही लागत नाही.

तुमच्या कामाचं वाचन काउंटरवरूनच सुरू होतं बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात माणूस खिशातून कपाशीचं किडकं बोंड काढतो, तुमच्यापुढं ठेवतो आणि म्हणतो काय मारू ते दे. ज्यानं काहीच वाचलं नाही तो मागच्या फळीवरची हाताला येईल ती बाटली देतो. पण ज्यानं गुलाबी बोंडअळीबद्दल चार पानं का होईना नीट वाचलीत त्याला माहीत असतं की अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, शिरलेलं छिद्रही बुजून जातं, आणि एकदा ती आत गेली की वरून कितीही पंप मारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. मग तो बाटली द्यायच्या आधी विचारतो, काका, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावले का, किती पतंग येतात? सापळ्यामागं आठ पतंग आणि तेही सलग तीन रात्री, तर फवारणीची वेळ झाली असा त्याचा हिशोब आहे. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तशीच राखलेली कपाशी, ठेवू नका हे तर सगळेच सांगतात, पण काहून ठेवायची नाही ते कोणी सांगत नाही म्हणून कोणी ऐकतही नाही. अळीला डिसेंबरनंतरही बोंडं खायला मिळत राहिली की तिची साखळी तुटत नाही, आणि पुढच्या हंगामाला ती तिथंच तयार असते, हे असं उलगडून सांगितलं की माणूस निदान विचार तरी करतो.

२०१७ साली बोंडअळीनं आपल्या कपाशीची काय गत केली ते तुम्हाला मी काय सांगू, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. म्हणून माझं म्हणणं, कृषी केंद्रात काम करणाऱ्यानं सगळ्यात आधी डब्यावरचं लेबल आणि आतली घडी घातलेली चिठ्ठी वाचावी. लेबलावरचा लाल त्रिकोण म्हणजे विष सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, असं उतरत जातं. विषबाधेची लक्षणं काय आणि उतारा काय हेसुद्धा त्यात छापलेलं असतं, फक्त अक्षर मुंगीएवढं. मोबाइलनं फोटो काढा, मोठा करून वाचा, वहीत उतरवून घ्या. कंटाळवाणं आहे, मान्य, पण दुकानात हे वाचलेला एक तरी माणूस पाहिजेच ना.

पुढं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची दरवर्षीची डायरी मिळवा, पिकानुसार हवं तेवढंच उघडा. पूर्ण पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असा काही नियम नाही, अनुक्रमणिका बघायची आणि आपला प्रश्न जिथं आहे तिथंच घुसायचं. त्या उद्योगपतीच्या चरित्रातही तसंच करा, बालपण सोडून द्या, त्यानं उधारी कशी वसूल केली ते प्रकरण असेल तर ते काढा, मालकही मांडी घालून ऐकेल. आणि उद्या स्वतःचं लायसन्स काढायचं मनात असेल तर हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा ‘देसी’ नावाचा वर्षभराचा डिप्लोमा दुकानदारांसाठीच आहे त्याची चौकशी करून ठेवा, तिथं वाचावं लागतंच, सवय आत्तापासून असलेली बरी. फक्त रात्री जेवण करून आडवं पडून वाचू नका, तसं वाचलं तर मलाही काही कळत नाही.

सवाल : ताई, आमचा बचत गट कोरची तालुक्यातला आहे. मध, तेंदू, हिरडा गोळा करतो. मी आठवीपर्यंत शिकले, बाकीच्या जणी त्याहून कमी. वनहक्क कायद्याचं पुस्तक एका कार्यकर्त्यानं दिलं पण एकटीनं वाचून काही समजत नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं?

जवाब : एकटीनं वाचूच नका ना! तुमच्याच गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा लेखा गाव आहे, तिथं ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात ठराव नाही, मतदान नाही, नुसतं बसायचं, वाचायचं, जाणकाराला बोलवायचं आणि मनसोक्त भांडायचं, निर्णय नंतर ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं. अशा वाचनाचा उपयोग त्यांना बांबूच्या हक्कासाठी झाला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात धरलेला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या व्याख्येत मात्र गौण वनोपजाची (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची) यादी आहे, तिच्यात बांबू चक्क नाव घेऊन लिहिलाय. २००९ मध्ये मेंढा लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तरी बांबू वाहतुकीचा पास काही मिळेना, पण गाव त्या ओळीवर बोट ठेवून बसलं, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात गेलं. पुढं २०१७ साली जुन्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतूनही बांबू निघाला.

त्याच यादीत तुमचा मध आहे, मेण, लाख, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती आहेत. आधी तेवढं एकच पान काढा. शाळेत जाणाऱ्या पोरीला मोठ्यानं वाचायला लावा, प्रत्येक ओळीनंतर थांबवा, आपल्या बोलीत सांगायला लावा. मध काढणारी बाई जे प्रश्न विचारेल ते वहीत लिहा, वाचता येत असो नसो तिचेच प्रश्न सगळ्यात अडचणीचे असतात, आणि त्या कार्यकर्त्याला पुढच्या वेळी तेच विचारा.

सवाल : पुस्तकाऐवजी व्हिडिओ पाहिले तं चालते का? (घाटंजी)

जवाब : चालते की. झाड कसं छाटायचं, पंप कसा खोलायचा हे व्हिडिओतच बरं कळतं. पण औषधाची मात्रा व्हिडिओवरून घेऊ नका बाप्पा, बोलणारा कोणत्या पिकाबद्दल, कोणत्या पंपाबद्दल बोलतोय ते निम्म्या वेळा तो सांगतच नाही.