9,000 रुपये आणि एक वर्ष

परभणी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पप्पांनी सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतले 9,000 रुपये तुझ्या खात्यावर टाकले आणि "पुढच्या दिवाळीपर्यंत कपड्यांचं तुझं तू बघ, मधी मागायचं नाही" असं बजावलं, हे तुझ्या आईकडून कळलं. तिचा सूर जरा नाराजीचाच होता. "अकरावीच्या पोरीला काय कळतंय त्यातलं?" म्हणाली. मला मात्र माझ्या दादाचं हे लई आवडलं. मी कपडे शिवून पोट भरणारी बाई. माप द्यायला रोज पोरी येतात. गळा केवढा, बाही कुठवर, लांबी किती, हे विचारलं की पोरगी गप्प उभी राहते आणि उत्तर आई देते. बारावीपर्यंत हेच, मग कॉलेजात हेच, आणि एक दिवस बस्ता बांधायला बसल्यावर सगळे तिलाच विचारतात, "तुला कोणती आवडली?" कुठून सांगणार ती?

तर आता काहीही विकत घ्यायच्या आधी एक काम कर. या 9,000 मध्ये काय बसतं आणि काय नाही, ते पप्पांशी बोलून घे. कॉलेजचा युनिफॉर्म? चप्पल-बूट? स्वेटर? शिलाई, पिको? उन्हाळ्यात मामाच्या घरी लग्न निघालं तर त्याचा ड्रेस? माझं मत विचारशील तर युनिफॉर्म फीसोबत जातो, तो तुझ्या पैशातून नको. लग्नाचे कपडेही नकोत, कारण तिथं काय घालायचं हे तू एकटी ठरवणार नाहीस. ठरवणारे सतरा जण आणि पैसे तुझे, असं होऊ देऊ नकोस. आतले कपडे मात्र तुझ्या हिशोबात घे आणि सगळ्यात आधी घे. पोरी वरून आठशेचा कुर्ता घालतात आणि आत इलॅस्टिक गेलेलं, विटलेलं काहीतरी घालून दिवस काढतात, कारण दरवेळी त्याच्यासाठी आईपुढं हात पसरायची लाज वाटते. आता मागायचंच नाही, तर लाज कसली? जे ठरेल ते पप्पांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव. मार्चमध्ये कुणी "असं कुठं ठरलं होतं?" म्हणायला नको.

आई मधी बोलणारच. तिच्या बोलण्याचे दोन भाग पाड. आजीसमोर, गावातल्या कार्यक्रमात काय घालून यायचं नाही, हे ती सांगेल. ते ऐक, त्यात तुझं काही जात नाही. काय विकत घ्यायचं हे मात्र आता तुझं. तिला हे दोन्ही एकच वाटतं. त्यावरून फोनवर वाद घालू नकोस. पहिल्या खरेदीत तिलाही आवडेल असा एक सुती कुर्ता घे आणि फोटो पाठव. पुढची टोकाटोकी निम्म्यावर येईल. आणि हो, तुझ्या भावाच्या जीन्सबद्दल घरात कुणी ब्र काढत नाही, हे मलाही दिसतं. पुढच्या वर्षी त्यालाही असेच पैसे द्या, असं मी दादाला सांगणार आहे. आपल्याकडच्या पोरांना स्वतःच्या बनियनचा नंबर लग्न होईपर्यंत माहीत नसतोय.

पैसे तुझ्या नावच्या खात्यावर आहेत हे बरं झालं. दहा वर्षांच्या पुढच्या लेकरांना स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं 2014 मध्येच दिली, तरी आपल्याकडं पासबुक अजून बापाच्या कपाटात असतं. ते मागून घे.

आता खरी अडचण. आपल्या घरात पैसा वर्षातून एकदा, फार तर तूर विकली की दुसऱ्यांदा येतो. कपडे मात्र ऋतूप्रमाणं लागतात. हातात 9,000 आले की डिसेंबरातच निम्मे जातात आणि एप्रिलच्या उन्हात पोरगी पॉलिस्टरच्या ड्रेसमध्ये क्लासला बसते. म्हणून आताच्या थंडीत स्वेटर आणि आतले कपडे धरून 2,500 च्या वर जाऊ नकोस. तेवढेच उन्हाळ्याच्या सुती कपड्यांना ठेव. ते होळीच्या आधी घे, नंतर मनासारखे रंग राहत नाहीत. जूनसाठी 2,000: पावसात चालणारी चप्पल आणि लवकर वाळतील असे कपडे. तुमच्या होस्टेलला पाणी मोजून येतं म्हणतेस, तर जीन्स एकच पुरे. ती धुवायला बादल्या जातात आणि श्रावणात तीन-तीन दिवस वाळत नाही. उरले 2,000. त्यांना दसऱ्यापर्यंत हात लावू नकोस. चप्पल तुटते, अंग भरतं, कुर्त्यावर शाई सांडते. त्यासाठी ते आहेत. काहीच झालं नाही तर दसऱ्याला एक भारीतला ड्रेस घे, पूर्ण हौसेनं.

हौसेचं निघालंच आहे तर सांगते. यंदा 2025-26 च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. त्या भावानं तुझे 9,000 म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या आसपास, आणि बाजारात हमीभाव कुठं हाती लागतोय! सप्टेंबरच्या पाण्यानं शेतात काय ठेवलं तेही तू पाहिलंस. हे तुझ्या डोक्यात असणारच, असावंही. पण प्रत्येक कुर्ता हातात घेतल्यावर त्यात किती शेंगा गेल्या, हे मोजत बसू नकोस. वर्षभर दोन ड्रेसवर काढून उरलेले पैसे बापाला वापस नेऊन देणाऱ्या गुणी पोरी मी बघितल्यात. सगळे शाबासकी देतात आणि पुढच्या वर्षी निम्मेच पैसे येतात. पप्पांनी ते खर्चायला दिलेत. नीट खर्च कर.

खरेदीला लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात जाशील तेव्हा पोटभर जेवून जा आणि वेळ काढून जा. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं; पहिल्याच दुकानात बसलीस तर बाकीचे बघायचे राहून जातात. आधी बजेट सांगू नकोस. "हजारापर्यंत दाखवा" म्हटलं की सहाशेचा माल कुणी खाली काढत नाही. शिवलेल्या कपड्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळं वरून कुणी "जीएसटी वेगळा" म्हणालं तर उठ. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्केच जीएसटी आहे आणि तुझी सगळी खरेदी त्याच्या आतलीच. बिल घे, बदलून आणायला लागतं.

कापड ओळखायला शिक. सुती म्हणून पॉलिस्टर मिसळलेलं सर्रास विकतात. शिवणीच्या कडेचा एक धागा काढून घरी जाळून बघ: सुताची कागदासारखी मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. रंगाची शंका असेल तर ओला पांढरा रुमाल कापडावर घासायचा. ड्रेस मटेरियल घेतलंस तर शिवायला टाकायच्या आधी पाण्यातून काढ, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आणि शिवणाऱ्या बाईला आत इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, ठेवायला सांग. तुझं वय वाढायचं आहे. आज अंगाबरोबर शिवलेला कुर्ता दिवाळीला काखेत काचतो. रेडीमेड घेताना आतली शिवण उलटून बघ, माया कापून इंटरलॉक मारलेलं असेल तर तो सैल होण्याची आशा सोड. मोबाइलवरून मागवत असशील तर परत घेतात का, ते आधी वाच, आणि फोटोतल्या पोरीकडं न बघता इंचातलं माप बघ.

पुढच्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा आहे, त्याचंही बारीकसं ध्यानात असू दे. परीक्षेला पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट चालत नाहीत. अर्ध्या बाहीचा एक साधा सुती टॉप आणि सपाट चप्पल तेव्हा घरात असावी, ऐनवेळी धावपळ नको.

हिशोब वहीत लिही. तारीख, वस्तू, रुपये, बस. आजी गुपचूप पाचशे हातात देईल. घे, पण तेही लिही. होस्टेलमध्ये ओढण्यांची अदलाबदल होते तेवढी चालू दे, पैशांची उसनवारी नको. आणि समज ऑगस्टमध्येच सगळे संपले, तर पप्पांना फोन करू नकोस. आहे त्यात काढ. धुतलेला जुना कुर्ता घालून क्लासला गेल्यानं कुणाचे मार्क कमी होत नाहीत. फोन केलास आणि दादा विरघळला, तर आईचं खरं होईल.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मी माहेरी येणारंय. तू येताना अंगाला आवळ झालेले सगळे कुर्ते बांधून आण. ज्यांच्यात माया आहे ते उसवून सैल करून देते, बाकीच्यांच्या पिशव्या होतील. त्याआधी छातीचं, कमरेचं आणि खांद्याचं माप पाठव, इंचात. मैत्रिणीकडून घे, स्वतःचं स्वतः घेतलेलं चुकतं.

तुझी
आत्या