परत जा आणि परत विचार

प्रिय पोरी,

तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. धडगावच्या पावरा आदिवासींत घेतलेल्या सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) शिबिरातले उरलेले रक्ताचे नमुने फ्रीजरमध्ये पडूनच आहेत, त्यांच्यावर दारूच्या व्यसनाचे जनुक बघून टाक, असं गाईड म्हणतात. नावं काढलेली आहेत, नीती समितीची मंजुरी मिळेल, सहा महिन्यांत पेपर. आणि तू लिहितेस, 'सर, यात चूक काय ते मला धड सांगता येत नाही.' सांगता येत नसेल, पण खटकतंय ना? मग डोकं ठिकाणावर आहे.

ते रक्त कशासाठी मागितलं होतं? सिकलसेलसाठी. दुसरं काही बघायचं तर धडगावला परत जा आणि परत विचार.

नावं काढली म्हणे! माणसाचं नाव निघालं, पण पेपरच्या शीर्षकात 'पावरा' राहणारच. उद्या कोणी मास्तर वर्गात म्हणेल, 'यांच्या रक्तातच आहे.' ज्याने रक्त दिलंच नाही, त्याच्या पोरालाही ते ऐकावं लागेल. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तेव्हा जनुक हा शब्दसुद्धा नव्हता. कायदा १९५२ मध्ये गेला, तरी आपल्याकडे चोरी झाली की पहिला संशय अजून पारध्यांच्या पालावरच जातो.

जुळ्यांच्या अभ्यासांत व्यसनाची आनुवंशिकता निम्म्याच्या आसपास येते, हे तू मला ऐकवशील. तो आकडा एका समूहात, एका परिस्थितीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा आहे. एखाद्याची निम्मी दारू जनुकाने प्यायली असा त्याचा अर्थ नाही, आणि पावरा नि पाटील यांच्यातल्या फरकाबद्दल तर तो काहीच सांगत नाही. शिवाय मोजणार काय? मोहाची दारू आधी देवाला वाहतात, मग माणसं घेतात. तुझ्या प्रश्नावलीत त्याला कुठला रकाना?

अ‍ॅरिझोनातल्या हावासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासाला रक्त दिलं होतं. ते स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासालाही वापरलं गेलं. २०१० मध्ये तो अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला सात लाख डॉलर मोजावे लागले, नमुनेही परत करावे लागले. पैसे गेले ते सोड. न विचारता वापरलं, हे बघ.

मी तरी कुठे सोवळा आहे? तीसेक वर्षांपूर्वी अक्कलकुव्याकडच्या एका पाड्यावर आम्ही रक्तगटासाठी म्हणून नमुने घेतले. संमतीपत्र मराठीत, माणसांची बोली वेगळी. एका म्हातारीचा अंगठा मी स्वतः धरून शाईच्या पॅडवर दाबला. कागदावर उमटवून झाल्यावर तिने तो लुगड्याला नाही, घराच्या कुडाला पुसला. लुगडं एकच असेल. परतताना जीपचा ड्रायव्हर म्हणाला, 'सर, हाई रगत कसाले?' मी म्हटलं, तपासणीसाठी. पुढे त्याच नळ्यांवर मी भलत्याच प्रश्नाचा पेपर लिहिला, आणि त्या पेपरवर मला बढती मिळाली.

तेव्हा असं कोणी विचारत नसे, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, नीतिविषयक निवेदन १९८० पासून होतं. मी ते वाचलं नव्हतं. पण घरात दोन पोरं, नोकरी तात्पुरती, आणि वरून रोज 'पेपर कुठे आहे?' तुला हे कारण वाटणार नाही. न वाटो. मला मात्र अजून वाटतं, आणि त्याचाच राग येतो.

तर जा. होळीला जा, गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं तेव्हा घरी येतात. पावरी बोलणारं कोणी सोबत घे, अंगठा घ्यायची घाई करू नकोस, आणि 'दारू' हा शब्द लपवू नकोस. ते नाही म्हणाले तर नाही. मग विषय बदल, वर्ष जाऊ दे. गाईड चिडले तर माझं नाव सांग. निवृत्त माणसाचं कोण काय वाकडं करणार?

शहाद्यापुढे घाट लागतो. तुला एस.टी. लागते, गोळी घेऊन बस.

तुझा,
सर