मुलासाठी उपचार केंद्र निवडताना

ताई, दिव्यांग मुलासाठी उपचार केंद्र कसे निवडावे, असे तुम्ही विचारलेत. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर अशा केंद्रांच्या पाट्या पुष्कळ दिसतील; पण भिंतीवरची रंगीत चित्रे पाहण्याआधी 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालचे नोंदणी प्रमाणपत्र मागावे आणि त्याची मुदत वाचावी. संस्थेची नोंदणी म्हणजे शिकवणाऱ्याची पात्रता नव्हे: विशेष शिक्षक व वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तर फिजिओथेरपिस्टची तेथे शोधू नये, त्यांची राज्य परिषद निराळी आहे. हे न विचारता मी एका ठिकाणी सहा महिन्यांचे शुल्क आगाऊ भरले आणि मुलाला दर आठवड्याला नवाच शिकाऊ माणूस भेटत राहिला. शुल्क दरमहा द्यावे, एक सत्र स्वतः बसून पाहावे. पालकांनी बाहेरच थांबावे, हा नियम मला तरी पटत नाही.