बाणांनी कललेली नाव आणि बारावीनंतरची वाट

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी यंदा बारावीला कला शाखेत आहे. तिने ‘तीन राज्यांची गाथा’ ही चिनी कादंबरी इंग्रजी अनुवादातून दोनदा वाचली असून तिला चिनी साहित्य शिकायचे आहे आणि पुढे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या आहेत, तर तिच्या वडिलांना ‘यातून पोट कसे भरणार’ ही काळजी आहे, असे आपण लिहिले आहे. काळजी रास्त आहे, पण मुलीची ओढही वरवरची नाही; फक्त अनुवादावर थांबून ती पुरी होणार नाही. तिने आधी चिनी भाषा शिकावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

ते का, हे तिने नक्कीच वाचलेल्या एका प्रसंगावरून सांगते. कादंबरीतला चतुर सल्लागार चूगे लियांग तीन दिवसांत एक लाख बाण आणून देण्याचे वचन देतो, वीस नावांवर गवताच्या पेंढ्या रचतो आणि दाट धुक्यात शत्रूच्या तळासमोर नगारे वाजवत उभा राहतो. घाबरलेले शत्रुसैन्य बाणांचा वर्षाव करते आणि ते सारे पेंढ्यांत रुतून बसतात. कादंबरीत ही घटना इ. स. 208 मधल्या लाल कड्यांच्या लढाईच्या आधी घडते. मात्र तिसऱ्या शतकात छेन शोऊने लिहिलेल्या इतिहासावर फेइ सुंगचिने इ. स. 429 मध्ये ज्या टिपा जोडल्या, त्यांत वेगळी हकिकत उद्धृत केली आहे. इ. स. 213 मध्ये दक्षिणेतला राज्यकर्ता सुन च्युआन शत्रूची पाहणी करायला मोठ्या नावेतून गेला असता एका बाजूला इतके बाण रुतले की नाव कलली, तेव्हा त्याने ती वळवून दुसरी बाजू पुढे केली, दोन्हीकडचा भार सारखा झाला आणि तो सुखरूप परतला. त्यात ना चूगे लियांग आहे, ना गवत, ना धुके. हजाराहून अधिक वर्षांनी, चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानचोंगच्या नावावर असलेल्या कादंबरीत, जीव वाचवण्याची ही युक्ती बुद्धिचातुर्याचा विजय झाली. मूळ हकिकतीतले नावा वळवणे तेवढे शिल्लक राहिले. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याला जे कळते, तेच इथे कळते. ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्या मुलीला यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही, आणि त्या शाळेचे दार भाषेतून उघडते.

ही वाट लांब आहे, हे मी लपवणार नाही. आजची बोली चिनी शिकल्यावरही छेन शोऊचा इतिहास वाचता येत नाही, कारण तो अभिजात चिनीत आहे आणि तिची वाक्ये इतकी आटोपशीर असतात की कर्ता बहुधा वाचकानेच ओळखायचा असतो. कादंबरीची भाषा त्या मानाने सोपी आहे. पदवीची तीन-चार वर्षे बोली भाषा पक्की करण्यात जातील. अभिजात ग्रंथ खऱ्या अर्थाने हाती येतील ते त्यानंतर.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषेची बी. ए. ऑनर्स पदवी असून तिथे सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि भाषेचा श्रीगणेशा वर्गातच होतो. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीतले चीना भवन 1937 पासून हेच काम करत आहे. प्रवेशाचे नियम बदलत असल्याने दोन्हीकडची चालू माहितीपुस्तिका जरूर पाहावी. पुढे तैवान सरकारची हुआयू शिष्यवृत्ती मिळवता आली तर उत्तम, कारण तिथे आजही जुनीच, पूर्ण रूपातली अक्षरे वापरली जातात आणि जुने ग्रंथ वाचायला तीच लागतात.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की पोट भाषेवर भरेल, कादंबरीवर नाही. निदान पहिली दहा वर्षे तरी नाही. दुभाषी, व्यापारी व तांत्रिक अनुवाद, चीनशी व्यवहार असलेल्या कंपन्या, अध्यापन, ही कामे मन लावून भाषा शिकलेल्या माणसाला मिळतात, आणि लेखन त्यांच्या जोडीने चालते.

या विषयाचा आपल्या मातीशीही संबंध आहे. दुसऱ्या एका प्रसिद्ध चिनी कादंबरीत राक्षसांच्या तावडीतून वारंवार सुटणारा भिक्षू म्हणजे पाठ्यपुस्तकातला ह्युएन त्संग. तो सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता, आणि इथली माणसे उपकार विसरत नाहीत व अपमानाचा सूड घेतात, असे त्याने नोंदवले आहे. चिनी बौद्ध ग्रंथांचा अभ्यास पुण्यातही झालेला आहे, पु. वि. बापटांनी हिराकावा यांच्या सहकार्याने चिनीतून केलेला एका विनयग्रंथाचा (बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांवरच्या ग्रंथाचा) अनुवाद भांडारकर संस्थेने 1970 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या मुलीची पहिली कादंबरी ह्युएन त्संगाच्या त्या मुक्कामावर का असू नये?

परीक्षा संपल्यावर तिने चौकटीची वही घ्यावी, रोज दहा अक्षरे रेघांच्या ठरलेल्या क्रमाने गिरवावीत आणि आदल्या आठवड्याची न पाहता लिहून पाहावीत. हे सहा आठवडे नेमाने झाले, तर वडिलांना ती वही दाखवा आणि मला पुन्हा पत्र लिहा. प्रवेशअर्जाचे आपण तेव्हा बोलू.