शंका-समाधान : गोल्फ कार्टवर कारचा स्टिरिओ

प्रश्न : माझ्या कार्टमध्ये १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, जोडलेल्या आहेत; मिळून ४८ व्होल्ट. कारचा स्टिरिओही १२ व्होल्टचाच. मग चारपैकी एकीवरून दोन वायरी काढल्या तर काय बिघडतं? व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरचा खर्च तरी वाचेल.

उत्तर : सुरुवातीला काहीच बिघडत नाही, म्हणून तर ही युक्ती इतकी चालते. मध्यम आवाजात स्टिरिओ ३ अँपिअर घेतो असं धरा. तीन तासांत ९ अँपिअर-तास गेले, तेही एकाच बॅटरीतून. चार्जर मात्र चौघींचं मिळून व्होल्टेज बघतो. बेरीज जमली की तो थांबतो. राबलेली बॅटरी अर्धपोटी राहते आणि उरलेल्या तिघींना गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळतो. अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचतं, तिची क्षमता घटते. सिरीजमध्ये सगळ्यात कमजोर बॅटरीच गाडीचा पल्ला ठरवते, त्यामुळे अखेर चारही बदलायची पाळी येते. मग कन्व्हर्टर स्वस्तच पडला असता.

४८ चे १२ व्होल्ट करणारा, किमान १० अँपिअरचा, आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुट विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा) कन्व्हर्टर घ्या. तोच ३ अँपिअरचा भार मग संपूर्ण संचावर जेमतेम पाऊण ते एक अँपिअर पडतो, आणि चौघींवर सारखा.

काम सुरू करण्याआधी किल्ली काढा, टो-रन स्विच (गाडी ओढून न्यायची की चालवायची ते ठरवणारा) असेल तर तो टो वर ठेवा आणि संचाचं मुख्य निगेटिव्ह टोक सोडवा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना दोन टोकांवर पडला तर वितळेपर्यंत वेळ लागत नाही. कन्व्हर्टरच्या इनपुटची पॉझिटिव्ह वायर पहिल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज हवा. इथेच बहुतेकांची चूक होते : गाड्यांचे नेहमीचे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टचे असतात. चार्जिंगच्या वेळी हा संच ५८ व्होल्टच्या वर जातो. अशा वेळी फ्यूज उडाला तरी आतली ठिणगी चालूच राहू शकते. म्हणून ८० व्होल्ट डीसी किंवा त्याहून अधिकचा फ्यूज आणि होल्डर घ्या. कन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बाजूला मात्र साधा १० अँपिअरचा चालतो.

स्टिरिओची काळी वायर चॅसीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) लावू नका. कारमध्ये बॉडी म्हणजे निगेटिव्ह, पण कार्टमध्ये संच बहुधा चॅसीपासून वेगळा असतो. काळी वायर थेट कन्व्हर्टरच्या निगेटिव्हला न्या. स्पीकरची निगेटिव्ह वायरही कुठे अर्थ (अर्थिंग) करू नका, नाहीतर स्टिरिओतली आउटपुटची आयसी (चिप) जळते. बहुतेक स्टिरिओत पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. तरी सोबतचा कागद पाहिल्याशिवाय जोडू नका.

प्रश्न : आवाज वाढवला की बासच्या ठोक्याला स्टिरिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बॅटरी नवी आहे.

उत्तर : वायर बारीक आहे. बॅटरी ते स्टिरिओ ३ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला यात सुमारे १ व्होल्ट गळतो, २.५ च्या वायरीत ०.४. स्टिरिओ चालू असताना त्याच्याच मागे मल्टिमीटर लावा. ठोक्याला काटा ११ च्या खाली येत असेल तर वायर बदला आणि सैल लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) पुन्हा क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड धक्क्यांनी सुटतोच.

प्रश्न : गाडी बंद केली की स्टेशनं पुसली जातात. पिवळी आणि लाल वायर एकत्र जोडली आहे.

उत्तर : पिवळी स्मृतीची, लाल चालू-बंदची. लाल किल्लीनंतरच्या १२ व्होल्टवर न्या, पिवळीला सतत वीज द्या. पण त्यासाठी कन्व्हर्टर सतत चालू ठेवावा लागेल, आणि तो रिकामाही थोडी वीज खातो. २० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला १४ अँपिअर-तास झाले. गाडी रोज चार्ज होत असेल तर हरकत नाही. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर स्टेशनं पुन्हा लावण्याचा त्रासच परवडेल.

प्रश्न : गाडी चालू असताना एफएमवर शिट्टी येते.

उत्तर : गाडी उभी करून कन्व्हर्टर चालू ठेवा. शिट्टी तेव्हाही असेल तर दोष कन्व्हर्टरचा : तो अँटेनापासून जितका लांब नेता येईल तितका न्या, आउटपुटच्या दोन्ही वायरींना एकमेकींचा पीळ द्या आणि त्यांच्यावर फेराइटची (असा गोंगाट अडवणारी) कडी चढवा. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येत असेल तर मोटरच्या जाड केबलींशेजारून गेलेल्या वायरी आणि अँटेनाची केबल दुसऱ्या बाजूने फिरवा.