बालगृहातली रात्रपाळी: नव्या काळजीवाहकासाठी

मुलांचं बिनसतं ते बहुधा दिवे मालवल्यावर. म्हणून निजायचा क्रम रोज तोच ठेवा: दूध, दात, गोष्ट, मंद दिवा. मूल किंचाळत उठलं तर लगेच हात लावू नका. अर्धवट झोपेत त्याला तो जुना मारच वाटू शकतो. दोन हात अंतरावर खाली बसा, हळू आवाजात स्वतःचं नाव सांगा, ते कुठे आहे ते सांगा. "काय झालं?" तेव्हा नकोच. चादर ओली असेल तर गुपचूप बदला, बाकीच्यांना कळता कामा नये. उशीखाली शिळी चपाती सापडली तर रागावू नका. उपाशी राहिलेलं मूल साठवतं. त्याला झाकणाचा डबा द्या, त्यात रोज थोडे शेंगदाणे-गूळ. मारणं तर गुन्हाच आहे, २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ८२. सकाळी नोंदवहीत वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा.